भाई कोतवाल

मुंबईहून पुण्याकडे जाणारी आगगाडी कल्याण सोडून कर्जतच्या रोखाने धावू लागली, म्हणजे उजव्या हाताला माथेरानचा डोंगर दिसू लागतो. डाव्या हाताला, दूर क्षितिजावर, सह्याद्रीची निळसर रांग उभी असते. त्या रांगेतच भीमाशंकरचे अरण्य आहे आणि त्या अरण्याच्या शेजारी सिद्धगड आहे. या दोन डोंगरांच्या मधोमध उल्हास नदीचे खोरे पसरलेले असून त्यात भाताची खाचरे, लहान लहान गावे आणि त्यांहूनही लहान वाड्या विखुरलेल्या आहेत.

भाई कोतवाल यांचे सारे आयुष्य या एका दृश्यात सामावलेले आहे. उजवीकडच्या डोंगरावर त्यांचा जन्म झाला. डावीकडच्या डोंगराच्या कुशीत त्यांनी देह ठेवला. आणि मधल्या खाचरांत राबणाऱ्या माणसांसाठी ते जगले. त्यांना आयुष्य लाभले अवघे तीस वर्षांचे.

भाईंचे पूर्ण नाव विठ्ठल लक्ष्मण कोतवाल. त्यांचा जन्म १ डिसेंबर १९१२ रोजी माथेरान येथे एका न्हावी कुटुंबात झाला. पुढे सारा मुलूख त्यांना भाई म्हणू लागला आणि तेच नाव लोकांच्या तोंडी राहिले.

त्या काळचे माथेरान हे थंड हवेचे नावाजलेले ठिकाण होते. १८५० साली ठाण्याचे कलेक्टर मॅलेट हे या डोंगरावर चढून गेले, तेथील हवा त्यांना मानवली आणि त्यानंतर साहेब लोक व मुंबईचे धनिक उन्हाळ्यात तेथे राहावयास येऊ लागले. १९०७ साली नेरळपासून माथेरानपर्यंत लहान रुळांची गाडी सुरू झाली. अब्दुल हुसेन आदमजी पीरभॉय यांनी ती उभारली. सुमारे वीस किलोमीटरची ही वाट डोंगराला वळसे घालीत वर चढते. बंगले, बागा, फिरावयाच्या वाटा आणि दऱ्यांकडे पाहावयाची ठिकाणे यांनी माथेरान सजले.

परंतु या सजावटीमागे शेकडो हातांचे कसब होते. अवघड चढणीवरून घोडा सांभाळून नेणारे घोडेवाले, तांबड्या मातीच्या वाटांवरून माणसाला बसवून रिक्षा ओढणारे, डोक्यावर सामान घेऊन डोंगर चढणारे हमाल, माळी, धोबी, न्हावी या साऱ्यांच्या कौशल्यावर पाहुण्यांचे सुख अवलंबून होते. त्या कौशल्याचा मोबदला मात्र अल्प होता आणि मान त्याहूनही अल्प. न्हाव्याचा वस्तरा गळ्यापाशी फिरत असताना ज्याच्या हातावर माणूस निर्धास्तपणे विश्वास टाकी, त्यालाच समाजाच्या पंगतीत मात्र खालची जागा मिळे.

हीच स्थिती त्या वेळच्या गावगाड्यात सर्वत्र होती. सुतार, लोहार, कुंभार, चांभार, न्हावी, परीट असे बलुतेदार गावाचे काम करीत आणि खळ्यावर धान्य तयार झाले म्हणजे आपला वाटा घेऊन जात. कोणाचा मुलगा कोणते काम करणार हे त्याच्या जन्माबरोबरच ठरून जाई. त्याच्या अंगी दुसरा कोणता गुण आहे याची विचारपूस करण्याची रीतच नव्हती.

अशा काळात न्हाव्याच्या घरात जन्मलेल्या विठ्ठलाच्या हाती पाटी-पेन्सिल आली. त्याचे प्राथमिक शिक्षण माथेरानला झाले. पुढच्या शिक्षणासाठी डोंगर उतरून पुण्यास जावे लागले. ज्या पुण्यात १८४८ साली जोतीराव फुले यांनी मुलींसाठी शाळा काढून, विद्या ही कोणा एका जातीची मिरास नव्हे हे दाखवून दिले होते, त्याच पुण्यात हा माथेरानचा मुलगा शिकला. तेथील वाडिया महाविद्यालयात त्याचे उच्च शिक्षण झाले. नंतर कायद्याचा अभ्यास करून तो वकील झाला.

वकिलीचा मार्ग त्या काळी मोठ्या प्राप्तीचा मानला जाई. शहरात एखादी खोली घेऊन पाटी लावली असती, तर भाईंना सुखाचे आयुष्य लाभले असते आणि त्यात कोणी दोषही दिला नसता. गरीब घरातून वर आलेल्या तरुणाने आपल्या घराला चांगले दिवस दाखवावेत, यात गैर काय? परंतु भाईंची दृष्टी डोंगराच्या पायथ्याकडे वळली. तेथे त्यांना जे दिसले, त्याने त्यांच्या आयुष्याची दिशा ठरली.

पायथ्याशी कर्जत तालुक्याची गावे होती. हा मुलूख भाताचा. येथील शेतकऱ्याच्या अंगी पिढ्यान् पिढ्या मुरलेले ज्ञान होते. उन्हाळ्यात पालापाचोळा, शेण, गवत पसरून तो जमिनीचा एक तुकडा भाजून काढी. याला राब म्हणतात. पहिल्या पावसाबरोबर या भाजलेल्या जमिनीत भाताचे बी पेरले जाई. रोपे वीतभर वाढली म्हणजे ती अलगद उपटून, त्यांच्या मुठी बांधून, चिखल केलेल्या खाचरात लावावयाची. रोप किती दिवसांचे झाले असता लावावे, खाचरात पाणी किती राखावे, मुसळधार पावसात बांध कोठे फोडावा आणि कोठे सावरावा, हे कोणत्याही पुस्तकात न वाचता तो जाणत असे. स्त्रिया ओणव्या होऊन दिवसभर लावणी करीत. त्यांच्या बोटांची चपळाई आणि ओळींचा नेमकेपणा पाहण्यासारखा असे.

जंगलाच्या कडेला ठाकर आणि कातकरी यांच्या वाड्या होत्या. खैराच्या लाकडापासून कात तयार करणारे म्हणून कातकरी हे नाव पडले. कोणते झाड कशाच्या उपयोगी, कोणती वनस्पती औषधी, नदीच्या कोणत्या डोहात मासळी सापडेल, कोळशाची भट्टी कशी रचली असता लाकूड जळून न जाता त्याचा कोळसा होईल, हे सारे त्यांना ठाऊक होते. कारवीच्या काठ्या विणून आणि त्यांवर शेणमातीचा लेप देऊन ते आपली झोपडी उभी करीत.

याच मुलुखाच्या दक्षिणेस खालापूर तालुका आहे. त्या अंगाला बोरघाट चढतो. घाटातील लोहमार्गाचे काम १८५६ मध्ये सुरू होऊन १८६३ मध्ये तो मार्ग खुला झाला. त्यासाठी डोंगर फोडून पंचवीस बोगदे काढावे लागले आणि १८६१ च्या आरंभी बेचाळीस हजार माणसे एकाच वेळी या कामावर राबत होती. ज्यांच्या नकाशाने तो मार्ग झाला त्यांची नावे इतिहासाने जपून ठेवली आहेत. ज्यांच्या पहारीने आणि घमेल्याने तो झाला, त्यांची नावे मात्र कोठे लिहिलेली नाहीत.

असा हा कष्टाळू आणि कुशल माणसांचा मुलूख. तरीही तो दरिद्री का होता? भाईंनी या प्रश्नाचा विचार केला. उत्तर शोधण्यासाठी फार दूर जावे लागले नाही. ते सावकाराच्या वहीत होते.

पावसाळ्याच्या तोंडी शेतकऱ्याच्या घरची कणगी रिकामी होत असे. पेरणीला बी हवे, लावणी होईपर्यंत घरातील माणसांना अन्न हवे. तेव्हा तो सावकाराच्या किंवा जमीनदाराच्या दारी जाई आणि भात उसने घेई. हे भात पीक आल्यावर वाढीने परत करावयाचे असे. वाढ दिढीची असेल, तर एका मणाला दीड मण द्यावे लागे. समजा, एखाद्याने दोन मण भात घेतले. पीक आल्यावर त्याचे तीन मण झाले. पाऊस फिरला, ते फेडता आले नाही, तर दुसऱ्या वर्षी तीन मणांचे साडेचार मण झाले. तिसऱ्या वर्षी साडेचारांचे पावणेसात. ज्याने दोन मण भात खाल्ले, त्याच्या डोक्यावर तीन वर्षांत पावणेसात मणांचे ओझे बसले.

हा हिशेब पाटीवर मांडून पाहणे कोणाही शाळकरी मुलाला अवघड नाही. परंतु ज्याने भात घेतले त्याला तो मांडता येत नव्हता. वहीत काय लिहिले आहे हे त्याला वाचता येत नव्हते. त्याला एवढेच सांगितले जाई की, येथे अंगठा उमटव. तो अंगठा उमटवी. कर्ज वाढत जाई आणि एके दिवशी त्याची जमीन दुसऱ्याच्या नावावर चढे. आपल्याच जुन्या शेतात तो कूळ म्हणून किंवा मजूर म्हणून राबू लागे.

हुतुतूच्या मैदानावर असे घडत नाही. ज्या खेळाला आज सारे जग कबड्डी म्हणून ओळखते, तो खेळ या गावांतील मुले पूर्वीपासून खेळत आली आहेत. मैदानावर कोण चपळ, कोणाचा दम दांडगा, हे सर्वांना दिसते. खेळाचे नियम सर्वांना ठाऊक असतात आणि गडी किती बाद झाले हे प्रत्येकाला मोजता येते. म्हणून तेथे गुणाची पारख जागच्या जागी होते. तेथे गडी कोणाच्या घरचा आहे, हे कोणी विचारीत नाही. शेतकऱ्याच्या कष्टांचा खेळ मात्र वेगळाच होता. त्याचे नियम एकाच पक्षाला ठाऊक होते आणि मोजणीही तोच पक्ष करीत होता. अशा खेळात दम कितीही दांडगा असला तरी हार ठरलेलीच.

भाईंच्या कार्याचे मर्म येथेच आहे. या माणसांजवळ कौशल्य नाही असे त्यांनी कधी मानले नाही. कौशल्य होतेच. परंतु हाताच्या कौशल्याला अक्षराची आणि अंकाची जोड मिळाल्यावाचून त्याचे फळ ज्याचे त्याच्या पदरात पडणार नाही, हे त्यांनी ओळखले.

तेव्हा देशाची स्थिती अशी होती की, १९३१ च्या खानेसुमारीप्रमाणे शंभर माणसांत नव्वदांहून अधिक माणसे निरक्षर होती. कर्जतसारख्या डोंगराळ तालुक्यात तर शाळा दूर दूर असत. पावसाळ्यात नदी-ओढ्यांना पूर आला म्हणजे वाड्यांचा एकमेकींशी संबंध तुटे. मुलांना गुरांमागे जावे लागे. सरकार शाळा काढील तेव्हा काढील, म्हणून वाट पाहत बसणे भाईंना मानवले नाही. त्यांनी गावोगावी हिंडून लोकांच्या स्वयंस्फूर्त साहाय्याने शाळा सुरू केल्या. अशा चाळीसहून अधिक शाळा त्यांच्या प्रयत्नाने उभ्या राहिल्या.

या शाळांना मोठ्या इमारती नव्हत्या. सरकारी अनुदानाची वाट न पाहता सुरू झालेल्या या शाळांचा खरा आधार म्हणजे शिकवणाऱ्यांची तळमळ आणि शिकणाऱ्यांची भूक. शेतकऱ्याला आणि त्याच्या मुलांना लिहिता-वाचता यावे, हा त्यांचा हेतू. ज्याला आपले नाव लिहिता येते, तो कोऱ्या कागदावर अंगठा उमटवण्यापूर्वी थांबतो. ज्याला बेरीज-वजाबाकी येते, तो वहीतील आकडा दाखवा असे म्हणू शकतो. ही गोष्ट लहान वाटते. परंतु ज्या घरात पिढ्यान् पिढ्या कोणी असे म्हणाले नव्हते, त्या घरात ती क्रांतीच होती.

नुसती अक्षरे शिकवून भूक भागत नाही, हेही भाई जाणून होते. वाचता आले तरी आषाढात घरी दाणे नसतील, तर माणूस पुन्हा सावकाराच्याच दारी जाणार. त्या दाराची गरजच पडू नये यासाठी भाईंनी धान्यकोठीची योजना काढली. बँकेत जसा पैसा ठेवतात, तसे या कोठीत धान्य ठेवावयाचे. पीक आले म्हणजे गावकऱ्यांनी आपल्या धान्यातील काही भाग कोठीत जमा करावा आणि अडचणीच्या दिवसांत गरजू शेतकऱ्याला तेथून धान्य मिळावे. मात्र त्यावर सावकाराची जीवघेणी वाढ नसावी. दोन मण घेतले म्हणून घर-जमीन गमावण्याची पाळी कोणावर येऊ नये, ही त्यामागील कल्पना.

धान्यकोठी चालवणे हे सोपे काम नव्हे. धान्य नीट मापावे लागते, वाळलेले आहे की नाही हे पारखावे लागते, उंदीर व ओल यांपासून ते राखावे लागते. कोणी किती ठेवले, कोणी किती नेले, याची नोंद करावी लागते. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे एकमेकांवर विश्वास ठेवावा लागतो. शाळेत शिकलेल्या गणिताला या कोठीतच खरा अर्थ येतो. शेतकऱ्याची पारख, शाळेतील हिशेब आणि गावाची एकी या तिन्ही गोष्टी तेथे एकत्र आल्या.

याच सुमारास कुलाबा जिल्ह्याच्या अलिबागकडील भागात चरी व आसपासच्या गावांतील शेतकऱ्यांनी खोतांच्या जुलमाविरुद्ध संप पुकारला होता. नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली चाललेला तो संप १९३३ पासून १९३९ पर्यंत टिकला. कष्ट करणाऱ्याला त्याच्या कष्टाचे मोल मिळाले पाहिजे, ही जाणीव साऱ्या जिल्ह्यात जागी होऊ लागली होती. कर्जतच्या डोंगराळ भागात भाई तेच काम आपल्या पद्धतीने करीत होते.

माथेरानच्या लोकांनीही त्यांच्या गुणांची कदर केली. ते माथेरानच्या नगरपालिकेत निवडून आले आणि तिचे उपाध्यक्ष झाले. ज्या गावात त्यांचे घराणे पाहुण्यांच्या सेवेतील एक म्हणून ओळखले जाई, त्याच गावाच्या कारभारात त्यांना मानाची जागा मिळाली. ती जागा कोणी वारशाने दिली नव्हती. विद्या आणि लोकसेवा यांच्या बळावर ती त्यांनी मिळवली होती.

इतक्यात काळाने वेगळेच वळण घेतले. १९३९ मध्ये दुसरे महायुद्ध सुरू झाले होते. ८ ऑगस्ट १९४२ रोजी मुंबईच्या गवालिया टँक मैदानावर महात्मा गांधींच्या नेतृत्वाखाली ब्रिटिशांना देश सोडून जाण्यास बजावणारा ठराव झाला. दुसऱ्या दिवशी पहाट होण्यापूर्वीच गांधीजी व इतर पुढारी पकडले गेले. पुढारी नसले तरी लढा थांबता कामा नये, असे देशातील असंख्य तरुणांना वाटले. भाई हे त्यांतील एक होते. त्यांनी घर सोडले आणि ते भूमिगत झाले. घर, संसार, वकिलीची सनद, नगरपालिकेतील पद हे सारे मागे राहिले.

कर्जत, मुरबाड या भागांतील शेतकरी, शिक्षक आणि आदिवासी तरुण त्यांच्याभोवती जमले. या तुकडीला आझाद दस्ता असे नाव मिळाले. मानिवली गावचे गोमाजी पाटील आणि त्यांचे पुत्र हिराजी पाटील हे या दस्त्यातील मोहरे होते. पिता आणि पुत्र दोघेही एकाच ध्येयासाठी घराबाहेर पडले होते.

या मुलुखात ब्रिटिश सत्तेचे मर्म कोठे आहे, हे भाईंनी हेरले. सह्याद्रीच्या माथ्यावर तलाव बांधून तेथील पाणी मोठ्या नळांतून पायथ्याशी सोडावयाचे आणि त्या पाण्याच्या जोरावर वीज निर्माण करावयाची, अशी थोर योजना टाटांनी पार पाडली होती. खोपोलीचे वीजघर १९१५ साली आणि भिवपुरीचे १९२२ साली सुरू झाले. खोपोलीला पाचशे मीटरांहून अधिक उंचीवरून पाणी खाली येते. ही वीज उंच लोखंडी मनोऱ्यांवरील तारांतून मुंबईला जाई आणि तेथील गिरण्या-कारखाने तिच्यावर चालत. युद्धकाळात हे कारखाने सरकारला मोलाचे होते.

वीजघर हेही मानवी कौशल्याचे एक देखणे कार्यच होते. ज्याने आपले तारुण्य शाळा आणि कोठ्या उभारण्यात घालवले, त्याच्यावर आता उभ्या असलेल्या वस्तू पाडण्याची वेळ आली. परतंत्र देशातील माणसाची हीच शोकांतिका असते. आपल्याच देशबांधवांच्या कष्टांतून झालेली साधनेही परक्या सत्तेच्या हातातील हत्यारे बनतात. भाईंनी तो कठोर निर्णय घेतला. सप्टेंबर ते नोव्हेंबर १९४२ या तीन महिन्यांत आझाद दस्त्याने विजेच्या तारा वाहून नेणारे अनेक मनोरे पाडले. त्यामुळे मुंबईला जाणारा वीजपुरवठा खंडित झाला आणि कारखान्यांची चाके थांबली.

हे साधले कोणी? ज्यांना जग अडाणी म्हणत होते त्यांनीच. काळोख्या रात्री जंगलातून वाट काढणे, पायाचा आवाज न करता चालणे, पोलिसांची चाहूल दुरून ओळखणे, दोन मुठी अन्नावर दिवस काढणे, हे कोणत्याही लष्करी शाळेत ते शिकले नव्हते. शेताने, डोंगराने आणि गरिबीने त्यांना ते शिकवले होते. आजवर ज्या गुणांची किंमत कोणी केली नव्हती, त्यांच्यापुढे एका बलाढ्य सरकारचा बंदोबस्त अपुरा पडला. भाईंनी त्या गुणांना एक दिशा दिली.

सरकारने भाईंना पकडून देणाऱ्यासाठी बक्षीस लावले. गावांवर पोलिसांचा जाच सुरू झाला. तरी दीर्घ काळ भाई हाती लागले नाहीत. गावोगावची माणसे त्यांना अन्न देत, निरोप पोहोचवीत आणि पोलिसांपुढे तोंड मिटून उभी राहत. ज्यांना त्यांनी अक्षरे शिकवली, ज्यांच्या चुली त्यांच्या कोठीने पेटत्या ठेवल्या, त्यांनी आपले ऋण असे फेडले.

१९४२ चे वर्ष सरत आले, तेव्हा दस्त्याने सिद्धगडच्या अरण्यात आश्रय घेतला होता. परंतु फितुरीने घात केला आणि त्यांचा ठावठिकाणा पोलिसांना कळला. २ जानेवारी १९४३ च्या पहाटे हॉल नावाच्या ब्रिटिश अधिकाऱ्याच्या हाताखालील सशस्त्र पोलिसांनी त्या जागेला वेढा दिला. थंडीचे दिवस होते, पुरते उजाडलेही नव्हते. गोळ्यांचा वर्षाव सुरू झाला. तरुण हिराजी पाटील तेथेच कोसळले. भाई गोळी लागून जखमी झाले आणि नंतर त्या अधिकाऱ्याने अगदी जवळून गोळी झाडून त्यांचा प्राण घेतला. त्यांच्या तिसाव्या वाढदिवसाला जेमतेम एक महिना झाला होता.

पाच वर्षांच्या आत देश स्वतंत्र झाला. १९४७ साली मुंबई इलाख्यात प्राथमिक शिक्षणाचा नवा कायदा आला आणि प्रत्येक मुलाला शाळेची वाट मोकळी करण्याची जबाबदारी शासनाने स्वीकारली. कूळकायद्याने १ एप्रिल १९५७ पासून कसणाऱ्या कुळांना जमिनीची मालकी मिळण्याचा मार्ग खुला झाला. ज्या दोन गोष्टींसाठी भाई गावोगावी हिंडले, त्या शाळा आणि जमिनीचा हक्क या दोन्हींना कायद्याचे बळ लाभले. ते पाहावयास मात्र भाई राहिले नाहीत, हिराजी राहिले नाहीत.

सिद्धगडच्या त्या जागी आज हुतात्म्यांचे स्मारक उभे आहे. दर वर्षी २ जानेवारीला पहाटेच्या थंडीत कर्जत, मुरबाड आणि माथेरानकडील माणसे तेथे जमतात आणि भाई कोतवाल व हिराजी पाटील यांना वंदन करतात. मुंबईत दादर येथील एका उद्यानालाही वीर कोतवाल यांचे नाव दिलेले आहे. तेथे विसावा घेण्यासाठी बसणाऱ्या कितीतरी माणसांना हे नाव कोणाचे, हे ठाऊकही नसेल.

भाईंचे हौतात्म्य थोर आहे. परंतु त्या एका पहाटेच्या तेजात त्यांच्या त्यापूर्वीच्या दिवसांचा विसर पडू देणे योग्य नव्हे. मनोरे पाडावयास तीन महिने लागले, शाळा उभारण्यासाठी मात्र त्यांनी आपले तारुण्य वेचले होते. न्हाव्याचा हात, नांगरधाऱ्याचा हात, लावणी करणाऱ्या स्त्रीचा हात आणि कोळशाच्या भट्टीवरील कातकऱ्याचा हात, हे सारे हात कुशल आहेत हे त्यांनी जाणले होते. त्या हातांनी अंगठा उमटवण्याऐवजी लेखणी धरावी आणि आपल्या श्रमाचा हिशेब आपणच मांडावा, एवढेच त्यांचे मागणे होते.

कर्जत तालुक्यातील एखाद्या वाडीवर सकाळी शाळेची घंटा होते आणि राबाच्या, भट्टीच्या, गोठ्याच्या वासाने भरलेल्या घरांतून मुले पाटी-दप्तर घेऊन धावत सुटतात. त्या मुलांतील एखादे जेव्हा घरी परतून आपल्या आजोबांना वहीतील हिशेब वाचून दाखवते, तेव्हा भाई कोतवालांचे कार्य एक पाऊल पुढे जाते.